अख्खा शर्ट

विजापूर वेस, सोलापूर
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

माझी लाडकी समरा,

आपाचे सलाम आणि पोटभर दुआ. इफ्राच्या दोन्ही गालांवर माझ्याकडून एकेक पापी घे. ताबीशमियाँना सलाम सांग. अम्मीचे गुडघे थंडी उतरल्यापासून बरे आहेत, शुगरही ताब्यात आहे, आणि जीभ मात्र कोणाच्याच ताब्यात नाही. आज पाण्याचा दिवस होता, त्यामुळे सकाळपासून घरातली सगळी भांडी, बादल्या, पिंपं भरून झाली आणि आत्ता कुठे टेकले आहे.

तुला वाटेल, फोन आहे, व्हिडिओ आहे, तर आपाला हे पत्राचं काय सुचलं? त्याचं असं आहे. फोनवर आपण दोघी बोलायला लागलो की इफ्रा रडते, मग तू कावतेस, मग अम्मी माझ्या हातून फोन ओढून घेते आणि पोरीला गुटी दिली का, टाळूला तेल घातलं का, हेच विचारत बसते. माझं बोलणं पातेल्याला चिकटलेल्या भातासारखं तळाशीच राहतं. मामूंचा सोहेब परवा टेम्पो घेऊन पुण्याला येतोय. त्याच्याबरोबर शेंगाचटणी, कडक भाकरी आणि तुझ्यासाठी अळिवाचे लाडू पाठवतेय. पिशवीत जागा होती, म्हटलं पत्रही घालावं. आपण दोघी पडलो मराठी शाळेतल्या. मनातलं लिहायचं तर मला मराठीच बरं पडतं. भांडायला दखनी.

शुक्रवारी तू फोनवर विचारलंस, "आपा, तुझं तिकीट कधीचं काढू? माझी सहा महिन्यांची रजा संपतेय, तीन मार्चला मला जॉईन व्हायचंय. तू आलीस तरच मी ऑफिसला जाऊ शकेन." मी म्हणाले, बघू गं. त्याबद्दल पुढे लिहितेच. आधी एक गंमत ऐक.

तुझी आपा शाळेत जातेय. हसू नकोस. आमच्या कारखान्यात इंग्लिशचा क्लास सुरू झालाय. आम्ही शाळेचे युनिफॉर्म शिवतो हे तुला माहीतच आहे. आता शेठना दुबईकडच्या शाळांची ऑर्डर मिळालीय. तिकडची माणसं व्हिडिओ कॉलवर शर्ट बघतात. उलटा करा, सुलटा करा, ही शिलाई अशी का, ती तशी का, सगळं इंग्लिशमध्ये. आमचे कटिंग मास्तर नुसते 'येस सर, येस सर' करतात आणि कॉल संपला की आम्हालाच विचारतात, "काय म्हनला गं त्यो?" शेवटी शेठनी एक रेश्मा मॅडम आणल्या. त्या कॉलेजात शिकवतात आणि शनिवारी जेवणाच्या सुट्टीनंतर तासभर आमच्याकडे येतात. कामाधंद्याला लागतं तेवढंच इंग्लिश शिकवणार, बाकीचं तुम्ही तुमच्या पोरांकडून शिका, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

त्याच दिवशी त्यांनी एकेकीला उभं करून विचारलं, "व्हॉट इज युवर जॉब?"

पहिली उठली निंगव्वा. अक्कलकोटकडची आहे, आमच्या लाइनीत खिसे लावते. ती ठणठणीत आवाजात म्हणाली, "आय ॲम पॉकेट." मग माढ्याची सोनाबाई उठली. "आय ॲम बाही." मग मी. "आय ॲम कॉलर." मागून कफ उठला, काज उठलं, बटन उठलं. मॅडमना वाटलं, या बायका ठरवून चेष्टा करतायत. त्या बिचाऱ्या लालबुंद झाल्या. पण आम्ही खरंच सांगत होतो की! आमच्याकडे एकीने एकच तुकडा शिवायचा आणि पुढच्या मशीनवर सरकवायचा. त्यामुळे हाका तशाच पडतात. "बाही आज आली न्हाय, सुनेला बरं न्हाय." "पॉकेट, डबा आनलास का गं?" नवीन पोरी तर महिना महिना आमची खरी नावंही विचारत नाहीत.

मॅडमनी समजावलं, "तुम्ही कॉलर नाही हो, तुम्ही कॉलर शिवता. आय मेक कॉलर्स, असं म्हणायचं."

सोनाबाई म्हणाली, "त्येच की ओ मॅडम. येवडी वर्सं बाह्याच लावल्या. आता माजं येगळं काय राह्यलंय?"

सगळ्या खो खो हसल्या. मीही हसले. घरी येऊन भाकऱ्या थापायला बसले तेव्हा मात्र ते परत आठवलं, आणि तेव्हा काही हसू आलं नाही.

पण क्लास मला आवडतो, खरंच. शिफ्ट, ओव्हरटाइम, नोटीस पिरियड, एक्स्पिरियन्स, रिझाइन. हे सगळे शब्द तुझ्या तोंडून मी इतकी वर्षं ऐकले, आणि समजल्यासारखी मान हलवत आले. आता ते खरंच समजतात. एकदा मॅडमनी फळ्यावर दोन शब्द लिहिले, वर्क आणि जॉब. विचारलं, फरक काय? कोणालाच येईना. सोनाबाईनं हात वर केला. "वर्क म्हंजी जे कदी सरत न्हाय त्ये, आन जॉब म्हंजी ज्याला सुट्टी आसती त्यो." मॅडमनी तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या. मला वाटतं, त्यांच्या पुस्तकात काही हे उत्तर नसणार.

आणखी एक बातमी. आमच्या सॅम्पल खात्यात एक जागा निघालीय. सॅम्पल खातं म्हणजे काय, तर नवी ऑर्डर आली की पहिला शर्ट तिथे बनतो. एकच माणूस तो कापडापासून बटनापर्यंत अख्खा शिवतो. तो गिऱ्हाइकाला पसंत पडला की मग त्याच्यावरून आमची सगळी लाइन चालते. तिथे खिडकीपाशी स्वतःचं मशीन मिळतं, पगार महिन्याला ठरलेला, आणि कॉलवर त्या माणसाला दोन वाक्यं बोलावी लागतात. पुढच्या शनिवारनंतरच्या शनिवारी त्याची ट्रायल आणि इंटरव्ह्यू आहे. सोनाबाई माझ्या मागे लागलीय, "तू बसच." मी म्हटलं, बघू.

बरं, सहज विचारते, तुम्ही इंटरव्ह्यूत नेमकं काय काय विचारता गं? तू तर तिकडे माणसं निवडण्याचंच काम करतेस. सवड मिळाली तर दोनचार प्रश्न व्हॉट्सॲपवर टाक. मॅडमच्या क्लासला उपयोगी पडतील.

इफ्राचा तो पालथी पडून मान उचलल्याचा व्हिडिओ मी जेवणाच्या सुट्टीत सगळ्या लाइनीला दाखवला. निंगव्वा म्हणाली, नाक मावशीचं घेतलंय. मी लगेच मान्य केलं. तिला पुन्हा एकदा छातीशी धरावंसं फार वाटतं, समरा, यात खोटं काही नाही.

तिकीट मात्र एवढ्यात काढू नकोस. शाळा सुरू होण्याआधीचा सीझन आहे, शेठ रजा देतील न देतील. बघू आपण. ताबीशमियाँना सांग, कडक भाकरी तशीच चावू नका, आमटीत चुरा, मागच्या वेळी दात दुखला होता.

लाडू एकटीने खा, पाहुण्यांपुढे ठेवू नकोस.

तुझी,
आपा


विजापूर वेस, सोलापूर
रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

समरा, माझ्या बाळा,

सलाम आणि दुआ. शब-ए-बरातचा हलवा या वेळी अम्मीने एकटीने केला आणि मला पातेल्याजवळही फिरकू दिलं नाही. या पत्राबरोबर डबा येतोय. सोहेब म्हणतो, मी आता टेम्पोवाला राहिलो नाही, तुमचा पोस्टमन झालोय.

तुझा मेसेज गुरुवारी मिळाला. "आपा, तिकीट काढलं. तेवीस तारीख, सकाळची गाडी, खिडकीची सीट." खाली तीन हसरे चेहरे. माझ्या मागच्या पत्रात 'काढू नकोस' असं लिहिलेलं तू वाचलंस, आणि तरी काढलंस. तू मला चांगली ओळखतेस म्हणून काढलंस. आपा आधी 'बघू' म्हणते आणि मग बॅग भरते, हे तुला पक्कं माहीत आहे. मी उत्तरादाखल एक अंगठा पाठवला. आता बसलेय तर सगळं क्रमानं सांगते. मध्ये थांबले तर पुन्हा हवापाण्यावर जाईन.

मी ट्रायलला बसले.

बसायचं ठरवलं खरं, पण पंचाईत अशी की मला अख्खा शर्ट येतच नव्हता. अब्बा गेल्यावर कारखान्यात लागले तेव्हापासून कॉलर, कॉलर आणि कॉलर. तुझे शाळेचे फ्रॉक मी घरी शिवायचे, ते वेगळं. कारखान्याचा शर्ट म्हणजे इंच इकडे तिकडे चालत नाही. मग या दोन आठवड्यांत जेवणाची सुट्टी आम्ही वाटून घेतली. निंगव्वानं मला खिसा शिकवला. ती रागावली की कानडीत बोलते, त्यामुळे खिशाबरोबर माझी थोडी कानडीही झाली. सोनाबाईनं बाही शिकवली. माझ्या बाहीला सारख्या चुण्या पडायच्या. ती म्हणाली, "आगं, तू बाही वर धरतीस. बाही खाली ठेव, शर्टाचं आंग वर. खालचं कापड मशीनच वडून घेती. आपुन वडायला गेलं की चुनी पडती." आणि खरंच पडली नाही. एवढी वर्षं ती माझ्यापासून चार मशीनं पलीकडे बसते, आणि तिच्या हातात काय आहे ते मी कधी विचारलं नव्हतं.

काल ट्रायल झाली. समोर कापड, माप आणि घड्याळ. डाव्या बाहीला एक चुणी पडलीच. उसवली, पुन्हा लावली. काजं जरा घाईत झाली. पण झाला, समरा. मी तो झटकून दोन्ही खांद्यांना धरून वर केला. कॉलर तर मी रोजच बघते, तिचं काही नवल नव्हतं. पण त्या कॉलरच्या खाली जे जे होतं, तेही सगळं मीच शिवलेलं होतं. मला इतका आनंद झाला की चेकिंगवाली शर्ट घ्यायला आली तरी माझ्या हातून तो सुटेना. तिनं दोनदा ओढला.

मग इंटरव्ह्यू. आमचे मॅनेजर उदयसिंह साहेब समोर, आणि टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये दुबईच्या ऑफिसातली एक बाई. तू पाठवलेले प्रश्न मी पाठ केले होते. रेश्मा मॅडमनी उत्तरंही घोटून घेतली होती, "आय ॲम हार्डवर्किंग ॲन्ड पंक्च्युअल" वगैरे. त्या बाईनं विचारलं, "व्हाय डू यू वॉन्ट धिस जॉब?" आणि माझी सगळी पाठांतरं उडाली. तोंडातून निघालं, "मॅडम, आय वॉन्ट टू मेक फुल शर्ट." ती हसली. वाईट नाही हसली, बरं का. म्हणाली, "गुड."

मग उदयसिंह साहेब मराठीत म्हणाले, "जुलेखाबाई, काम तुमचं चांगलं हाय, प्रश्नच न्हाय. पण तुम्ही मधनंच जाता की ओ. आईचं ऑपरेशन झालं, गेलात. बहिणीची परीक्षा होती, गेलात. बहिणीचं लग्न होतं, गेलात. लाइनीत एक गेली तर दुसरी बसवतो आम्ही. सॅम्पलचं माणूस गेलं तर सगळी ऑर्डर अडकती." आणि मग त्या बाईला त्यांनी हेच इंग्लिशमध्ये सांगितलं. तिनं माझ्याकडे बघून विचारलं, "विल यू स्टे?"

माझ्या पर्समध्ये फोन होता. फोनमध्ये तुझं तिकीट होतं, तेवीस तारीख, खिडकीची सीट. मी म्हणाले, "येस मॅडम. आय विल स्टे."

तुला सांगायच्या आधी मी त्यांना सांगितलं. संध्याकाळी साहेबांनी बोलावून सांगितलं, एक मार्चपासून सॅम्पल खात्यात या.

म्हणजे मी येत नाही, समरा.

हे वाक्य लिहून मी उठले, पाणी प्यायले, अम्मीचं तेल गरम केलं, आणि परत येऊन बसले. ते खोडावंसं वाटलं. नाही खोडलं.

आता रडू नकोस, आणि रडलीस तर डोळे पुसून पुढचं वाच. मागे जे जे झालं ते मी उपकार म्हणून केलेलं नाही. अम्मीच्या ऑपरेशनला मी नाही जाणार तर कोण? तुझ्या परीक्षेला मी तुझ्या होस्टेलवर येऊन राहिले, कारण तू पुस्तक उघडलं की जेवायचं विसरायचीस. तुझ्या लग्नात तर मी माझ्या हौसेनं राबले. यातलं एकही मला परत नको. पण प्रत्येक वेळी परत आले की मला पुन्हा कॉलरवर बसवायचे. माझ्यामागून आलेल्या पोरी पुढच्या मशीनवर गेल्या, एक तर सुपरवायझर झाली, आणि मी परत आले की पहिल्यापासून. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही, खरंच. या वेळी वाटलं. आता एक्केचाळिसाव्या वर्षी ही जागा गेली तर दुसरी यायची नाही, हे मला कळतं.

तू जानेवारीत फोनवर एक बोललीस, गड्ड्याच्या जत्रेच्या गडबडीत. "आपा, तू तर मोकळीच आहेस. काम सोड आणि ये. परत गेलीस की घेतीलच की तुला." तू ते प्रेमानं म्हणालीस. मीही "हो की" म्हणाले. पण ते माझ्या मनात बसलं. माझं लग्न दोन वर्षांत मोडलं, मूलबाळ नाही, म्हणून मी मोकळी. तुझ्या नोकरीला आपण जॉब म्हणतो, करिअर म्हणतो, तुझी रजा संपते, तुझी जॉईनिंगची तारीख असते. माझं ते काम. भांडी घासल्यासारखं, कधीही सोडावं, कधीही धरावं. तुझ्यावर हा राग नाही गं. मीही आजवर तसंच म्हणत आले. कोणी विचारलं की "काही नाही, शिवणकाम करते." काहीच नाही म्हणे! तुझ्याकडे नोकरीला आलेल्या बाईनं असं सांगितलं असतं, तर तू तिला घेतलं असतंस का?

आणि तुझा जॉब मला कमी प्यारा नाही. तो सुटावा असं माझ्या स्वप्नातही येणार नाही. तुला कंपनीचं ओळखपत्र मिळालं तेव्हा मी त्याचा फोटो भिंतीवर अम्मीच्या फोटोशेजारी लावला, तो अजून तिथेच आहे. म्हणूनच मला या दोन आठवड्यांत अन्न गोड लागलं नाही. एका घरात दोन बायकांच्या जॉईनिंगच्या तारखा एकाच आठवड्यात याव्यात, असं आपल्या खानदानात कधी घडलंय?

म्हणून मी थोडं डोकं चालवलंय, रागावू नकोस. रेश्मा मॅडमनी क्लासमध्ये रजेचे प्रकार शिकवले. सिक लीव्ह, कॅज्युअल लीव्ह, मॅटर्निटी लीव्ह, आणि एक पॅटर्निटी लीव्ह. म्हणजे बापाची रजा. सोनाबाईला ते पटेचना. "बापाला कशापाई रजा? त्येला काय कळा येत्यात?" मॅडम म्हणाल्या, काही कंपन्या देतात. मग मला आठवलं, ताबीशमियाँची कंपनी मोठी आहे, आणि इफ्रा झाली तेव्हा ते चौथ्या दिवशी ऑफिसला गेले होते. त्यांनी ती रजा मागितली होती का? की आपा आहे, अम्मी आहे, म्हणून विचारलंच नाही? अजून मिळत असेल तर मागू दे. नसेल तर साधी रजा काढू दे. बाळाला झोपवता येतं त्यांना, मी पाहिलंय. फक्त गाणं म्हणू नका म्हणावं. आणि तुझ्या ऑफिसात पाळणाघराची सोय आहे का? मॅडम म्हणतात, मोठ्या ऑफिसांना ती ठेवावी लागते. तू एचआरमध्ये आहेस, दुसऱ्या बायकांना तूच सांगत असशील. स्वतःसाठी विचारलंस का?

आता अम्मीचं ऐक.

काल घरी येऊन मी तिला सगळं सांगितलं. ती भडकली. "सगी बहन है तेरी! उसकू नक्को बोलेगी तू? शर्ट के वास्ते?" मी म्हटलं, हौ अम्मी, शर्ट के वास्ते. ती उठून गेली. जेवली नाही, टीव्ही लावला नाही, नमाजाच्या जानमाजवर बसून राहिली. मला वाटलं, आता आठवडाभर अबोला.

आज सकाळी उठले तर माळ्याखाली स्टूल, आणि अम्मीच्या हातात काठी. काठीनं ती माळ्यावरची बॅग खाली ओढत होती. मी ओरडले, "अम्मी, गिरेगी ना!" ती म्हणाली, "चिल्लाती कायकू? बॅग उतार. मैं जातूं पूना."

मी म्हटलं, तुझे गुडघे, तुझी शुगर, तुझी औषधं. ती म्हणाली, "दो बच्च्यां पाली मैं. तीसरी नई पालूंगी? बच्चा संबालने कू इंग्लिस लगती क्या?" मग बॅगेवरची धूळ पदरानं पुसत जरा हळू आवाजात म्हणाली, "तेरे अब्बा गुजरे तबसे तूच जाती आयी, गे. हर बार तूच. अब मैं जातूं. तू बैठ खिडकी के पास." खिडकीपाशी मशीन मिळतं हे मी तिला एकदाच, ओझरतं सांगितलं होतं. मी भिंतीला टेकून रडले. ती म्हणाली, "रोती क्या? चाय रख."

तर तेवीस तारखेचं तिकीट वाया जात नाही. सोहेब स्टेशनवर विचारून आलाय. सीट पक्की असेल तर आईच्या नावावर करून मिळते, फक्त आदल्या दिवसापर्यंत अर्ज द्यावा लागतो. सोहेब सोबत येईल, पुण्यात उतरवून देईल.

अम्मी एकटी सगळं करू शकणार नाही, हे तिला सांगू नकोस, पण तू लक्षात ठेव. तिला इफ्राला उचलून उभं राहायला लावू नकोस, ती बसली की मांडीवर दे. वरच्या कामाला एखादी बाई बघच. शुगरची गोळी जेवणाआधी, तेल संध्याकाळी, आणि ती "चाय नको" म्हणाली तरी अर्धा कप दे. रोजे धरायचा हट्ट करेल. डॉक्टरांनी नाही सांगितलंय, तू खमकी राहा. दोनेक दिवस घरची आठवण येऊन चिडचिड करेल, मग ताबीशमियाँना स्वयंपाक शिकवायला लागेल.

आणि मी? रमजान दोन मार्चला लागतोय. या घरात मी आजवर एकही रोजा एकटीने सोडलेला नाही. निंगव्वा म्हणते, पहिल्या दिवशी मी येते, तुझ्याबरोबर खजूर खाते. येऊ दे. पण अम्मीची जागा रिकामी दिसणार, ते मला माहीत आहे. ईदला तू, अम्मी आणि इफ्रा इकडे या, नाहीतर मीच सुट्टी काढून येते, अर्ज देऊन, मंजूर करून, रीतसर. काम सोडून नाही.

तू माझ्यावर रागावशील. रागावायचा तुझा हक्क आहे, मी तो तुला लहानपणापासून दिलाय. चार दिवस बोलू नकोस हवं तर. पण अम्मी तुझ्या घरी पोचली की फोन तू कर. सोहेबला नाही, अम्मीला नाही, तू. मला तुझा आवाज ऐकायचाय, चिडका असला तरी.

दीड वाजता आमची जेवणाची सुट्टी होते, तेव्हा कर. त्याआधी केलास तर मी उचलणार नाही. कामावर असेन.

तुझी आपा,
जुलेखा